अंक कशाचा?

मेंदूतील रक्त रोहिणीतून सूक्ष्म केशवाहिन्यांत आणि तेथून नीलेत जाते. काहींच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी केशवाहिन्यांचा हा मधला टप्पाच नसतो. रोहिण्या आणि नीला यांचा गुंता होतो, जोराचा प्रवाह थेट नीलेत शिरतो आणि तो ताण न सोसून गुंता कधीतरी फुटू शकतो. असा गुंता डोळ्यांनी पाहण्याची वाट १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनीझ यांनी दाखविली. क्ष-किरणांत उमटणारे द्रव्य रोहिणीत सोडून त्यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. त्या अँजिओग्राफीचाच सुधारलेला प्रकार आजही निदानात निर्णायक मानला जातो.

माझ्या पुतणीला आकडी आली, तेव्हा याच तपासणीने तिचे निदान झाले. अहवालात लिहिले होते, ‘श्रेणी ३’. पाचांपैकी तीन! दादा गप्प झाले. वहिनींनी मात्र डॉक्टरांना विचारले, “तीन म्हणजे कशाचे तीन?”

हा हिशेब अमेरिकेतील स्पेट्झलर आणि मार्टिन या शल्यचिकित्सकांनी १९८६ साली मांडला. गुंता ३ सेंटिमीटरहून लहान असल्यास १ गुण, ३ ते ६ असल्यास २, त्याहून मोठा असल्यास ३. वाणी, दृष्टी, हालचाल अशा महत्त्वाच्या कार्याच्या जागी तो असल्यास आणखी १, आणि त्याचे रक्त खोलवरच्या नीलांतून जात असल्यास आणखी १. पुतणीचा गुंता ४ सेंटिमीटरचा, वाणीच्या केंद्राजवळचा. खोल नीलांशी संबंध नसलेला. दोन अधिक एक, तीन. जेमतेम २ सेंटिमीटरचा गुंताही इतर दोन्ही गुण मिळून तीनच ठरतो!

डॉक्टर म्हणाले, “हे तीन शस्त्रक्रियेतील धोक्याचे आहेत. गुंता फुटेल की नाही, हे यात नाही.”

या एका वाक्याने घरातील चर्चेची दिशाच पालटली. न फुटलेल्या गुंत्यांच्या २२३ रुग्णांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ३३ महिन्यांत, केवळ औषधोपचार घेणारे त्यात अधिक सुखरूप आढळले. पण तरुण माणसापुढे तेहतीस महिने नव्हे, अनेक दशके असतात; म्हणूनच त्या निष्कर्षावर वादही झाले. थांबण्याचा धोका आणि हात घालण्याचा धोका ही निरनिराळी मापे आहेत. दोन्ही समोर ठेवल्याखेरीज निर्णय घेता येत नाही.

आपल्या घरांत अहवालातील आकडा परीक्षेच्या गुणांप्रमाणे वाचला जातो. वाचकहो, असा आकडा हाती आला, तर तो मोठा की लहान हे ठरविण्यापूर्वी वहिनींचा प्रश्न अवश्य विचारावा.