लाटसाहेबांचा पावसाळी मुक्काम

1949 साली पुणे विद्यापीठाची स्थापना होऊन गणेशखिंडीतील गव्हर्नरसाहेबांची कोठी विद्येच्या हवाली झाली, तेव्हा तेथील दालने, जिने, मनोरा आणि भोवतालचे प्रचंड वटवृक्ष यांच्याबरोबर तेथील भुतेही खातेबदल होऊन आमच्याकडे आली, अशी कारकून मंडळींची पक्की समजूत होती. त्या वास्तूतील एका कचेरीत मी उमेदवारी करीत असता या भुतांचा वृत्तांत मला पुष्कळांनी ऐकविला. तपशील प्रत्येकाचा निराळा असे, परंतु गांभीर्य मात्र न्यायासनासमोर जबानी देणाऱ्याचे.

ही भुते पावसाळ्यातच दिसत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबई इलाख्यात पैशाचा पूर लोटला होता, त्या 1864 साली सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत या इमल्याचे काम सुरू झाले; जेम्स ट्रबशॉ यांच्या आराखड्याप्रमाणे ते 1871 पर्यंत चालले, आणि दरम्यान ती तेजी ओसरून गेली तरी खर्च ओसरला नाही, म्हणून विलायतेतही त्यावर टीकेची झोड उठली. एवढा खटाटोप कशासाठी, तर मुंबईच्या लाटसाहेबांचा पावसाळी मुक्काम पुण्यास असे म्हणून. तेव्हा मृगाच्या सरी कोसळू लागल्या की येथील भुतांनीही हजर व्हावे, हे सरकारी शिरस्त्याला धरूनच होते. ओल धरलेले जुने लाकूड त्याच दिवसांत करकरते, ही बाब कोणी विचारात घेत नसे.

भुतेही सारी दर्जेदार. कोणी मनोऱ्यावर गोरी मडम पाहिलेली, कोणाला नाचाच्या दालनातून बँडचे सूर ऐकू आलेले. 22 जूनच्या रात्री तर गणेशखिंडीच्या रस्त्याने एक बग्गी धावत जाते आणि तीत कोणी बसलेले नसते, असे सांगत. 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी याच कोठीत झाली, आणि तेथून परतताना प्लेग कमिटीचा मुख्य अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी त्याच रस्त्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास पुण्यात शेंबड्या पोरालाही मुखोद्गत आहे. त्या पायी दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघेही बंधू फासावर गेले. पण त्यांचे भूत पाहिल्याचे मी कोणाकडून ऐकले नाही. प्लेगात मेलेल्या असंख्य पुणेकरांपैकीही एकाला त्या इमारतीत शिरकाव मिळालेला नव्हता. पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ ही आमची वतनदार भुते बागेच्या कुंपणाबाहेरच राहिली; आतले सगळे राज्य साहेबाचे.

एका श्रावणातल्या रात्री हिशेबाचे तक्ते पुरे करण्यासाठी मला कचेरीत थांबावे लागले. सोबतीला मावळातले वयस्क शिपाई तात्या होते. वीज गेलेली, टेबलावर कंदील, आणि बाहेर संततधार. इतक्यात वरच्या मजल्यावरून कर्र असा आवाज आला, थांबला, आणि तितक्याच अंतराने पुन्हा आला. हे असे बराच वेळ, एका लयीत, चालू राहिले. माझ्या हातातला टाक थबकला. तात्यांनी मान वर न करता पानाला चुना लावीत म्हटले, “चालू द्या तुमचं, रावसायेब. पंखा हाय त्यो.”

आम्ही कंदील घेऊन वर गेलो. खिडकीचे एक दार गंजलेल्या बिजागरीवर हेलकावत होते. मी ते लावून घेतले, आवाज बंद झाला, आणि विजयी मुद्रेने मी तात्यांकडे पाहिले. ते भिंतीपाशी उभे राहून कंदील उंच धरीत होते. तेथे चुन्याने बुजविलेले एक भोक होते, आणि त्याच्या खालच्या काठाला, दगडातच, बोटभर रुंदीची गुळगुळीत खाच पडलेली होती. दोरी वर्षानुवर्षे घासून पडलेली ती खाच. दालनात छताला कापडी पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी या भोकातून व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या हाती, रात्री त्याच्या पायाच्या अंगठ्याला, बांधलेली असे. तात्यांचे आजे त्या कामावर तैनात होते. डोळा लागला की आतून बूट येई, असे आज्यांनी सांगितलेले तात्यांनी मला सांगितले, तेही कसलाच राग न दाखविता.

“दार वाजलं ते वाजलंच,” ते म्हणाले. “पर तुमी समदे म्हनता, साहेब-मडमा हितं रातभर नाचत्यात. मग त्यांचा पंखा कोन वढतंय? आज्याची पाळी बदलाया कुनी आलंच न्हाई म्हना की.”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि भूतकथा सांगणाऱ्यांपैकी कोणाला तो सुचलाही नव्हता. नाच, वाद्ये, मेजवान्या यांची भुते व्हायची तर खानसामे, मशालजी, मोतद्दार यांनीही अंधारात उठून कामाला लागलेच पाहिजे. पण सांगणारे आम्ही सारे पगारी नोकर असूनही आमच्या कल्पनेला दिवाणखान्याच्या अलीकडे थांबणे कमीपणाचे वाटत असावे.

तात्यांचा हा सिद्धांत मी दुसऱ्या दिवशी कचेरीत मोठ्या हौसेने सांगितला. तो चांगलाच पसरला. पुढच्या पावसाळ्यात एका नव्या उमेदवाराने मला बाजूला घेऊन दबल्या आवाजात तीच हकिकत ऐकविली. तीत खिडकी होती, खाच होती, लयीत येणारा आवाजही होता. फक्त दोरी ओढणारा मजकूर इसम आता लाटसाहेबांचा तरुण एडीसी झाला होता, आणि ओढीत होता तीही पंख्याची दोरी नसून त्याची तलवार होती.