नीचे की लाइन

गेल्या जूनमध्ये आमच्या उर्दू शाळेसाठी मी एक ऑनलाइन फॉर्म केला. जी मुलं सुट्टीनंतर परतली नाहीत, त्यांच्या घरी मोबाइलवर पाठवायचा. मुलाचं नाव, इयत्ता, न येण्याचं कारण, बस्स. एचटीएमएल मी जुजबीच शिकलोय. पाठीमागची व्यवस्था भाच्याने लावून दिली.

उत्तरं आली ती अशी : तबियत. घर का काम. मजबूरी. पुन्हा मजबूरी. आणि आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढे नुसतं "सर, लड़की को". पुढे काहीच नाही.

फोन केला. तिची अम्मी म्हणाली, "सर, मैं नीचे की लाइन में जाने कू दबाई, वो तो निकलच गया!"

चूक माझी होती. मी तिन्ही ठिकाणी 'इनपुट'चा एका ओळीचा रकाना टाकला होता. त्यात एंटर दाबलं तर नवी ओळ येत नाही, फॉर्मच रवाना होतो. नाव-इयत्तेला तो ठीक. पण कारणासाठी बोटभर जागा ठेवल्यावर लोक 'मजबूरी'च लिहिणार. आपल्या हजेरीपटातला 'शेरा' आठवा. वीस वर्षं मी त्यात 'घरगुती अडचण' लिहीत आलोय.

अनेक ओळींसाठी 'टेक्स्टएरिया' असतो. सांगितलं नाही तर ब्राउझर दोनच ओळींची उंची देतो. मी 'रोज'मध्ये दहा लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढं वाचणार कोण?" मी म्हटलं, मी.

तरी घोळ संपले नाहीत. या टॅगला सुरुवात आणि शेवट दोन्ही लागतात, आणि मधे जे असेल ते चौकटीत आधीच लिहिलेलं दिसतं. मी मधे चार स्पेस सोडल्या होत्या, त्यामुळे प्रत्येकाचं लिखाण आत सरकून सुरू व्हायचं. शिवाय दोनशेची मर्यादा घातली होती. 'शिक्षण' आपल्याला तीन अक्षरं वाटतात. ब्राउझर काना-मात्रा, हलन्त सगळं सुटं धरून सहा मोजतो. मर्यादा भरली की तो काही न बोलता पुढचं घेणं थांबवतो. ती काढूनच टाकली.

मग लिपी. आमचे काही पालक उर्दूत लिहितात, काही मराठीत, काही दोन्हीत. उर्दू ओळी डाव्या भिंतीला चिकटत, कंस भलत्या टोकाला जात. 'डिर'ची किंमत 'ऑटो' केली तेव्हा प्रत्येक ओळ आपल्या पहिल्या अक्षरावरून आपली बाजू ठरवू लागली. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, एकाच चौकटीत. इतक्या वर्षांच्या स्टाफरूममध्ये हे आम्हाला इतकं सहज जमलेलं नाही, असो.

त्या अम्मींना नवा फॉर्म पाठवला. रात्री उत्तर आलं. माझ्या पानावर ते सलग, एकमेकांत घुसलेलं दिसत होतं, कारण एचटीएमएल ओळींचे तुकडे गिळून टाकतं. 'व्हाइट-स्पेस'ला 'प्री-रॅप' दिल्यावर ओळी सुट्या झाल्या, आणि मला कळलं की तो हिशेब होता. एकाखाली एक : किराया. दवाखाना. छोटे का दूध. रिक्षा, 600. शेवटी, एक ओळ मोकळी सोडून, मुलगी रोज दफ्तर भरून ठेवते, असं लिहिलं होतं.

मजबूरी म्हणजे महिन्याचे सहाशे रुपये.

रिक्षावाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने चारशेवर मान्य केलं. दोनशे मी, दोनशे गणिताच्या आपा, दिवाळीपर्यंत. मुलगी सोमवारी आली, मागच्या बाकावर बसली. दिवाळीनंतरचं अजून ठरलेलं नाही. बाकीच्या 'मजबूरी'वाल्यांनाही नवा फॉर्म पाठवलाय. दोघांची उत्तरं आली आहेत, आज रात्री वाचायची आहेत.