पलटणीचे गाव

पूर्णा जंक्शनहून अकोल्याकडे जाणारी गाडी वसमत मागे टाकून उत्तरेकडे निघते, तशी काळ्या मातीची सपाटी हळूहळू सरते. माळ आणि उघड्याबोडक्या टेकड्या दिसू लागतात. मधूनच हळदीच्या शेतांची हिरवाई डोळ्यांना सुखावते. हिंगोलीच्या स्थानकावर नवखा पाहुणा उतरतो. कोणाकडे पत्ता विचारावा, तर एक सांगतो, "पलटणमध्ये जा", दुसरा म्हणतो, "छे, ते घर रिसाल्यात आहे." कोणी तोफखान्याची वाट दाखवितो. पाहुणा चकित होऊन भोवती पाहतो. ना शिपाई, ना घोडा, ना तोफ! दुकाने, शाळा, भाजीबाजार आणि आपल्या कामाला निघालेली माणसे, एवढेच काय ते दिसते.

या नावांचा उगम पाहावयाचा तर दोनशे वर्षे मागे जावे लागते. इ. स. १८१९ मध्ये कयाधू नदीकाठच्या या गावी 'हैदराबाद कंटिंजंट' नावाच्या फौजेची छावणी पडली. ही फौज मोठी चमत्कारिक होती. अधिकारी इंग्रज, शिपाई देशी आणि खर्च मात्र निजामाचा! पायदळ राहिले ती पलटण, घोडदळ राहिले तो रिसाला, तोफा ठेवल्या तो तोफखाना. रिसाल्यातील स्वार बहुधा शिलेदार असत. म्हणजे घोडा सरकारचा नव्हे, स्वतःचा. घोडा मेला तर नुकसानही ज्याचे त्याचे.

छावणीपूर्वी येथे ओसाड रान होते, असे मात्र कोणी समजू नये. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वंदिले जाणारे नर्सी येथून जवळच, कयाधूच्याच काठी आहे. औंढ्याचे नागनाथ मंदिरही शतकानुशतके उभे आहे. शिवाय या मुलखाला स्वतःचे पुढारी होते. हटकरांचा नायक नोवसाजी नाईक याच्या नोव्हा येथील गढीला याच फौजेने १८१९ च्या जानेवारीत वेढा घालून ती घेतली. तेव्हा छावणीच्या चौथऱ्याखाली कोणाचा तरी पराभवही पुरलेला आहे, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

फौज एकटी राहत नाही. तिच्यामागून शिंपी, चांभार, नालबंद, भिस्ती, धोबी आणि सावकार येतात. त्यांची दुकाने लागली तो सदर बाजार. दूरदूरच्या गावची माणसे एका रस्त्यावर आली. कोणाची भाषा एक, कोणाची दुसरी. अशा नव्या वस्तीत शेजाऱ्याचे आजोबा कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून माणसे एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवून चालतात.

त्या विश्वासाला एकदा भयंकर तडा गेला. निजामाच्या सेवेतील अधिकारी मेडोज टेलर याने 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ती हकीकत नोंदविली आहे. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी हिंगोलीत होता. स्वतः टेलर आणि इतर अधिकारी त्याच्याशी व्यवहार करीत. एकदा त्याने मुंबईहून कापड आणण्यासाठी सरकारी परवाना मागितला व तो त्यास मिळाला. कापड खरोखर येत होते, परंतु ते दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्यास व त्याच्या माणसांस वाटेत ठार केले, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला! तो ठगांचा म्होरक्या होता. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले, म्हणून कळले. टोळीने पुरलेली प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर सापडली. बंदुकांचा पहारा रात्रंदिवस चालू होता; पण तो तोंडओळखीच्या सज्जनावर कसा चालावा?

ठगांविरुद्धची मोहीम ज्या ठिकाणी प्रथम सुरू झाली, त्यांत हिंगोलीची गणना होते. साल १८३३, आणि मोहिमेचा सूत्रधार कॅप्टन स्लीमन. ठगांविषयीची पुष्कळशी माहिती माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आलेली आहे. जीव वाचविण्यासाठी बोलणारा माणूस तिखटमीठ लावतो, म्हणून इतिहासकार आज ती जपून वाचतात.

फौजेचा खर्च निजामाला झेपेना. थकलेल्या रकमेपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ मध्ये नवा करार झाला आणि १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. हिंगोलीची छावणी उठली. चौऱ्याऐंशी वर्षे ज्या बाजाराचे पोट पलटणीवर चालले, त्याने आता काय करावे? रिकाम्या बराकींबरोबर गावही रिकामे व्हावयाचे. परंतु तसे घडले नाही. भोवतालच्या शेतांतील कापूस गावाच्या उपयोगी पडला. कापसाची मोठी पेठ म्हणून हिंगोली टिकली. पुढे रेल्वेही आली.

आणि काही माणसे मुळी गेलीच नाहीत. निवृत्त झालेल्यांची वस्ती ती पेन्शनपुरा. सगळ्या नावांत हे नाव सर्वांत साधे, पण सर्वांत बोलके आहे. पलटण हुकमाने आली आणि हुकमाने गेली. पेन्शनपुऱ्यातील म्हाताऱ्या शिपायांना येथे राहण्याचा हुकूम कोणीच दिला नव्हता.

निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपले. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. आता औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी होत आहे. केंद्र सरकारने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा वेध घेतील. या लहरी इतक्या सूक्ष्म असतात की, जाणाऱ्या गाडीच्या धक्क्यानेही मापनात व्यत्यय येतो. म्हणून गजबजाटापासून दूर, शांत जमीन हवी होती. छावणीतील शिपायाला जे दूरपण कंटाळवाणे वाटले असेल, तेच शास्त्रज्ञांना मोलाचे वाटले. पुन्हा एकदा दूरदूरची माणसे या माळावर राहावयास येतील. त्यांच्या वस्तीला लोक काय नाव देतील, ते अजून ठरावयाचे आहे.