पेडण्याचा समुद्र आणि आकाशातील डोळा

कुलदेवतेच्या दर्शनासाठी गोव्यात येणारी दूरदूरची मराठी कुटुंबे बहुधा फोंड्याकडे वळतात. उत्तरेचे पेडणे आणि त्याच्या आग्नेयेची डिचोली हे तालुके त्यांच्या वाटेवर क्वचितच येतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेला हा ‘नव्या काबिजादीं’चा मुलूख. तेरेखोल नदी सागरास मिळते त्या केरीपासून हरमल, मांद्रे, मोरजीपर्यंत पेडण्याचा किनारा पसरला आहे.

केरीच्या वाळूवरून पाहावे, तर निवांत पाणी आरशासारखे चकाकते. वारा उतरला की त्यावर बारीक लहरी उठून ते काळवंडते. जोर वाढला की फेस दिसू लागतो. रापणकार याच खुणांवरून वारा जोखतो. परंतु क्षितिजापलीकडचा समुद्र त्याला दिसत नाही आणि आषाढात तर जवळचाही पावसाआड लपतो.

याच खुणा ढगांवरून वाचण्याची विद्या शास्त्रज्ञांनी साधली आहे. प्रत्येक वस्तूतून मायक्रोवेव्ह, म्हणजे सूक्ष्मतरंग, मंदपणे बाहेर पडत असतात. शांत पाण्यातून ते कमी, फेसाळ पाण्यातून अधिक. ढग त्यांना फारसे अडवीत नाहीत; हवेतील बाष्प मात्र २२ गिगाहर्ट्झच्या आसपास आपली खूण उमटवते. विमानात बसविलेले मापक अशा रीतीने वारा आणि बाष्प दोन्ही टिपते. रडार स्वतः तरंग सोडते आणि परतलेल्या तरंगांवरून लाटांची उंची ठरवते.

जून १९७९ मध्ये मान्सूनच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी संशोधन विमाने मुंबईहून अरबी समुद्रावर जात होती. त्याच महिन्याच्या ७ तारखेस भारताचा ‘भास्कर’ उपग्रह अवकाशात गेला. त्यावरील सूक्ष्मतरंग मापकाचे आद्याक्षरांनी बनलेले नाव होते ‘समीर’. आपल्या भाषेत ते वाऱ्याचेच नाव!

या मोजमापाचे मोल किती, ते ३ डिसेंबर २०१७ रोजी कळले. दत्तजयंतीची पौर्णिमा होती. ‘ओखी’ चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दूर होते. तरीही त्याच्या लाटा पेडण्याच्या किनाऱ्यावर चढल्या आणि खानपानाच्या झोपड्यांत पाणी शिरले. वादळ पोहोचले नाही, लाटा पोहोचल्या. डिचोलीचा संबंध बाष्पाशी. सागरावरून आलेले बाष्प सह्याद्रीच्या पायथ्याशी कोसळते आणि वाळवंटीच्या पुराची धास्ती साखळीच्या बाजारपेठेला जुनीच आहे.

तथापि, या डोळ्यालाही उणीव आहे. उपग्रहावरील मापक एका नजरेत कित्येक किलोमीटरांचा पट्टा घेते. जमिनीतून निघणारे तरंग समुद्राहून पुष्कळ प्रबळ. त्यामुळे किनाऱ्यालगतचे मोजमाप बिघडते. रापण पडते नेमकी तेथेच! खाली उडणारे विमान लहान तुकडा न्याहाळू शकते. पण ते रोज कोठून येणार? दूरच्या लाटेची वर्दी यंत्राने द्यावी आणि जवळचे पाणी किनाऱ्यावरच्या जाणत्याने पाहावे, हेच खरे. ती वर्दी होडी लोटण्यापूर्वी केरीच्या वाळूवर पोहोचली, तरच आकाशातील सारे श्रम सार्थकी लागले म्हणायचे.