धर्माची गाय

व्हिडिओ गेमचा आणि माझा संबंध लग्नातल्या बँडवाल्याचा मंगलाष्टकांशी असतो तेवढाच : मांडव एक, बाकी काही नाही. आमच्या घरातला या विषयाचा अधिकारी पुरुष म्हणजे माझा पुतण्या. पण त्याने सांगितलेली 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेची हकिकत मला अगदी घरची वाटली.

२०१४ साली मालिकेतला 'युनिटी' हा भाग आला. राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस, अमेरिकेत किंमत ६० डॉलर, आणि आधीच्या भागांवर जीव टाकणारे लोक डोळे लावून बसलेले. काहींनी संगणक लावला तर पात्रांना चेहराच नाही! हवेत नुसते डोळे आणि दात. लोकांनी कंपनीचे असे वाभाडे काढले, की मठ्ठ्यात मीठ कमी म्हणून वरपक्षानेही काढले नसतील. पुढे डागडुजी झाली, पण ऐकतो कोण?

मग १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली. खेळात हे कॅथेड्रल मोठ्या निगुतीने उभं केलेलं. कंपनीने 'युनिटी' आठवडाभर संगणकासाठी फुकट वाटला, आणि स्टीमवर स्तुतीची नुसती झुंबड! 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असं फारसं कुणी विचारलं नाही. (मधल्या काळात गाईला बरेच दात बसवले होते, हेही खरं.)

पुतण्या आता नवा भाग आला की दोन वर्षं थांबतो. म्हणतो, "काका, तोवर किंमतही उतरते आणि आपली अपेक्षाही."

वहिनींनी त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली आहे. हे वाक्य मी अजून त्यांच्या कानावर घातलेलं नाही.