न पडणारा भाव

शेतीचे अनुकरण करणाऱ्या व्हिडिओ खेळांत सर्वांत अवास्तव गोष्ट कोणती, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांचे बोट जादूकडे, रानातल्या अद्भुत जीवांकडे किंवा चार दिवसांत तयार होणाऱ्या कंदांकडे जाईल. परंतु ‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळाचा जमाखर्च बारकाईने मांडला, तर त्यातली खरी कल्पित कथा बाजारभावात दडलेली आहे असे दिसते. या खेळात खेळाडूने एक फुलकोबी विकली काय आणि एक हजार विकल्या काय, साध्या प्रतीच्या प्रत्येक गड्ड्याला १७५ नाणीच मिळतात. आवक वाढली म्हणून भाव कोसळत नाही, आडत, हमाली किंवा तोलाई कापली जात नाही, आणि संध्याकाळी घराजवळच्या लाकडी पेटीत टाकलेल्या मालाचे पैसे सकाळी उठल्यावर जमा झालेले असतात. लासलगावच्या कांद्याचे चढउतार ज्याने वर्तमानपत्रात नुसते वाचले आहेत, त्यालाही हे स्वप्न केवढे मोठे आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. उत्पादन आणि नफा वाढवण्याचे जे शास्त्र या खेळाभोवती तयार झाले, ते सगळे या न पडणाऱ्या भावावर उभे आहे.

हा खेळ एरिक बारोन या एकट्या माणसाने सुमारे साडेचार वर्षे खपून तयार केला. त्यातली संगणकीय रचना, चित्रे, संगीत आणि गावकऱ्यांच्या तोंडची वाक्ये, सारे काही त्याचेच, आणि २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्याच्यामागे १९९६ साली जपानमध्ये आलेल्या आणि पुढे ‘हार्वेस्ट मून’ या नावाने इतरत्र पोचलेल्या खेळाची परंपरा आहे, ज्याचा कर्ता यासुहिरो वाडा हा क्युशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतात वाढून टोकियोत आलेला होता. मागे सुटलेल्या शिवाराची महानगरात लागणारी ओढ या परंपरेच्या मुळाशी आहे. बारोनच्या खेळातही मुख्य पात्र जोजा नावाच्या बलाढ्य कंपनीच्या कार्यालयात, खुराड्यासारख्या कप्प्यात बसून काम करत असते आणि एके दिवशी दिवंगत आजोबांचे जपून ठेवलेले पत्र उघडून त्यांच्या पडीक शेतावर निघून येते. हाती ५०० नाणी असतात आणि गाजराच्या कुळातल्या पार्स्निप या फिकट कंदाच्या १५ बिया असतात. बाकी सारी जमीन तण, दगड आणि ओंडक्यांनी व्यापलेली असते. कार्यक्षमतेच्या जाचातून सुटून आलेल्या या पात्राला चालवणारा खेळाडू मात्र थोड्याच अवधीत शेजारी वही उघडून प्रत्येक चौकोनाचा दैनिक नफा मांडू लागतो, हा या खेळातला पहिला विरोधाभास होय.

नफ्याचा विचार येथे वेळेपासून सुरू करावा लागतो. खेळातल्या वर्षात चार ऋतू आणि प्रत्येक ऋतूत २८ दिवस असतात. एक दिवस सकाळी सहाला उजाडतो, रात्री दोनला संपतो आणि खेळाडूच्या घड्याळातली सुमारे १४ मिनिटे घेतो. ऋतू पालटला की मागच्या ऋतूचे उघड्यावरचे पीक एका रात्रीत वाळून जाते, त्यामुळे २० तारखेला लावलेली बारा दिवसांची फुलकोबी ही लागवड नसून बियाण्याची नासाडी ठरते. या बांधीव पंचांगामुळे प्रत्येक पिकाची किंमत दोन प्रकारे मोजता येते: घातलेल्या पैशावर किती सुटले, आणि अडवलेल्या जागेवर किती सुटले. ही दोन मापे एकमेकांना छेद देतात, आणि उत्तम खेळाडू कोणत्या आठवड्यात कोणते माप वापरायचे ते ओळखतो.

पार्स्निपचे बी २० नाण्यांना मिळते, चार दिवसांत कंद तयार होतो आणि ३५ नाण्यांना जातो. फुलकोबीचे बी ८० नाण्यांचे, मुदत बारा दिवसांची. बारा दिवसांत एका चौकोनात तीनदा पार्स्निप घेतले तर ४५ नाणी सुटतात आणि एकदाच फुलकोबी घेतली तर ९५, म्हणून जागेच्या मापाने फुलकोबी सरस दिसते. पण सुरुवातीला जागा मुबलक आणि पैसा तुटपुंजा असतो. ५०० नाण्यांत फुलकोबीची सहाच रोपे येतात आणि बारा दिवसांनी हाती सुमारे १,०७० नाणी उरतात. त्याच ५०० नाण्यांत २५ पार्स्निप लावून, आलेला पैसा पुन्हा बियाण्यात घालून तीन पाळ्या घेतल्या तर २,६६० नाणी होतात. गरिबाने लवकर हाती येणारे पीक घ्यावे आणि सधनाने दीर्घ मुदतीचे, हा भांडवलाचा जुना नियम एवढ्या स्वच्छपणे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच दिसतो, कारण पुस्तकातल्या शेतकऱ्याला तिसऱ्या पाळीची झाडे स्वतः शिंपावी लागत नाहीत.

शिंपण्याचा खर्च पैशात नसून शक्तीत मोजला जातो. पात्राच्या अंगात सुरुवातीला २७० एकक शक्ती असते, आणि कुदळीच्या प्रत्येक घावाला व झारीने भिजवलेल्या प्रत्येक चौकोनाला दोन एकके लागतात. तेव्हा शंभर रोपांना पाणी दिले की २०० एकके संपली, आणि मासेमारीला, लाकूडतोडीला किंवा खाणीत उतरायला फारसे काही उरत नाही. म्हणूनच या खेळातली पावसाळी सकाळ एवढी प्रिय वाटते: दूरचित्रवाणीने आदल्या दिवशी सांगितलेला पाऊस न चुकता येतो, सगळे वाफे आपोआप भिजतात, झारी भिंतीला टेकून राहते आणि पात्र पूर्ण ताकदीनिशी डोंगराकडे निघते. या पावसाला अवकाळी होणे ठाऊक नाही. तो बुरशी आणत नाही, उभे पीक झोपवत नाही, आणि फार तर वादळात एखादे रोप विजेने जळते. पावसाची वाट पाहायची नसेल तर तुषार सिंचनाची यंत्रे घडवावी लागतात. साधे यंत्र चार चौकोन भिजवते, मधले आठ, आणि इरिडियम या दुर्मीळ धातूचे यंत्र चोवीस. मधल्या यंत्रासाठी लोखंडाबरोबर सोन्याची कांडी लागते आणि सोन्याचे खनिज खाणीच्या ऐंशीव्या मजल्याखाली भरपूर मिळते. शेताची उत्पादकता शेतात वाढत नाही, जमिनीखालच्या अंधारात तलवार घेऊन वाढते, ही गोष्ट नवख्या खेळाडूला उशिरा उमगते. जो पहिल्या वसंतातच कुदळीइतकाच खाणीला वेळ देतो, त्याचा उन्हाळा झारीच्या गुलामीतून मोकळा होतो.

उन्हाळा आला की एकदा लावून अनेकदा तोडण्याची पिके पुढे येतात. ब्लूबेरीचे रोप पहिल्या तारखेला लावले तर १४, १८, २२ आणि २६ तारखेला तोडणी होते, दर तोडणीला किमान तीन फळे मिळतात आणि प्रत्येक फळ ५० नाण्यांना जाते. ८० नाण्यांच्या बियाण्यावर ऋतूअखेर ५२० नाणी सुटतात. स्ट्रॉबेरीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिचे बी वसंताच्या तेराव्या दिवशी भरणाऱ्या जत्रेत १०० नाण्यांना मिळते; त्याच रात्री लावले तर दोनच तोडण्या हाती लागतात आणि रोपामागे १४० नाणी उरतात, पण तेच बी पेटीत जपून पुढच्या वसंताच्या पहिल्या दिवशी लावले तर पाच तोडण्या मिळून ५०० नाणी उरतात. बियाणे राखून ठेवण्यासाठी जो धीर लागतो त्याचा मोबदला हा खेळ असा उघडपणे देतो.

तथापि खरा पैसा वाफ्यात नाही, प्रक्रियेत आहे. मुरांब्याच्या बरणीत घातलेल्या फळाची किंमत दुप्पट होऊन वर ५० नाणी चढतात. केगमध्ये, म्हणजे फळे आंबवण्याच्या लाकडी पिंपात, घातलेल्या फळाची वाइन होऊन किंमत तिप्पट होते. थोडा हिशेब केला तर ५० नाण्यांच्या फळाला दोन्ही वाटा सारख्याच पडतात, त्याहून स्वस्त फळाला बरणी आणि महाग फळाला पिंप फायद्याचे ठरते. मात्र बरणी तीन दिवसांच्या आत रिकामी होते आणि पिंप जवळजवळ आठवडा अडवून ठेवते, म्हणून फळांचा ढीग पडून असेल तर महाग फळही बरणीत जाणे शहाणपणाचे असते. आणखी एक बारकावा असा की वाइनच्या किमतीवर फळाच्या प्रतीचा काहीही परिणाम होत नाही. सोनेरी तारा मिळालेले दीडपट किमतीचे फळ आणि साधे फळ यांची वाइन एकाच भावाने जाते, त्यामुळे कच्चे विकायचे असेल तर उत्तम फळ विकावे आणि पिंपात साधे ढकलावे. शेतीचे कौशल्य दहाव्या पायरीवर पोचले की खेळाडूला कारागिराचा पेशा निवडता येतो, ज्याने अशा सर्व प्रक्रियायुक्त मालाची किंमत ४० टक्क्यांनी वाढते. या टप्प्यावर पिके लवकर वाढवणारा दुसरा पेशा निवडण्याचे समर्थन हिशेबाच्या अंगाने तरी अवघड आहे.

पिंपे वाढवताना आडवी येते ती ओकची राळ, जी प्रत्येक पिंपाला एक लागते आणि ओकच्या झाडाला खाच पाडून भांडे लावल्यावर साधारण आठवड्याने एकदा मिळते. त्यामुळे शंभर पिंपांचे स्वप्न पाहणाऱ्याला आधी ओकचे बन राखावे लागते. या स्वप्नाचे शेवटचे रूप हरितगृहात दिसते. काचेच्या त्या घरात १२० चौकोन असतात, ऋतूंचे बंधन नसते, आणि सिंचनयंत्रांना आतली जागा सोडून ११६ रोपे बसतात. त्यांत प्राचीन फळ लावले, ज्याचे मूळ बी उत्खननात सापडून संग्रहालयाला दिल्यावर लागवडीयोग्य होऊन परत मिळते, तर २८ दिवसांनी पहिली तोडणी होते आणि त्यानंतर दर सात दिवसांनी होत राहते. फळाची किंमत ५५०, वाइनची १,६५०, कारागिराच्या हातून २,३१०. म्हणजे आठवड्याला २,६७,९६० नाणी, हिवाळा असो की उन्हाळा. या अवस्थेला पोचलेल्या खेळाडूचा आठवडा एका दिवसाच्या तोडणीत आणि पिंपे भरण्यात संपतो, उरलेले सहा दिवस पात्र रात्र लवकर व्हावी म्हणून झोपून काढते, आणि ऋतूबरोबर पालटणारे सुंदर संगीत कोणी ऐकत नाही.

जोजाच्या कप्प्यातून पळालेल्या माणसाने एकाच मालाचा, एकाच मापाचा, अखंड चालणारा कारखाना उभा करावा, याबद्दल खेळ त्याला दोष देत नाही आणि शिक्षाही करत नाही. शिक्षा करायला बाजारच नाही. खऱ्या खोऱ्यात दर आठवड्याला ११६ बाटल्या एकाच दुकानी आल्या असत्या तर तिसऱ्या आठवड्यात दुकानदाराने हात जोडले असते, आणि शेतकऱ्याला मिश्र पीक, साठवण, दुसरी पेठ, दुसरे गिऱ्हाईक यांचा विचार करणे भाग पडले असते. विविधता ही शेतकऱ्याची हौस नसून पडणाऱ्या भावाविरुद्धची तटबंदी असते, आणि भाव पडतच नसेल तर तटबंदी कोण बांधणार? स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअर या कंपनीची ‘फार्मिंग सिम्युलेटर’ ही २००८ पासूनची मालिका याबाबतीत अधिक कठोर आहे: तेथे कर्ज आहे, आणि भाव विक्रीकेंद्रानुसार व काळानुसार हलतात, म्हणून धान्य कोठारात राखून योग्य वेळेची वाट पाहणे हेही कौशल्यात मोडते. वास्तवाच्या जवळ जाणारा तो खेळ ट्रॅक्टरच्या चाहत्यांना प्रिय आहे, तरी अधिक खोल सुख बारोनच्या खोऱ्यात मिळते, आणि त्याचे कारण सांगणे अवघड नाही. कष्ट केले की फळ मिळते, मिळालेले फळ ठरल्या भावाने विकले जाते आणि उद्याचा पाऊस आज कळतो, असे जग माणसाने शेतीच्या आरंभापासून मागितले आहे. ते मिळाल्यावर तो कसा वागतो, याचे निरीक्षण करण्याची संधी मात्र या खेळामुळेच मिळाली.

बारोनने एक मोजपट्टी स्वतःजवळ राखून ठेवली आहे. तिसरे वर्ष उजाडताच आजोबांची आकृती शेतावर येते आणि एकूण २१ गुणांपैकी मिळालेल्या गुणांनुसार समाधीपाशी एक ते चार मेणबत्त्या पेटतात; चारही पेटायला १२ गुण लागतात. एकूण कमाईला त्यांतले सातच गुण आहेत, आणि ते १० लाख नाण्यांवर पूर्ण होतात, म्हणजे वर सांगितलेल्या हरितगृहाच्या चार आठवड्यांच्या वाइनमध्ये. बाकीचे गुण गावकऱ्यांशी जुळलेल्या मैत्रीला, लग्नाला, पाळीव प्राण्याच्या जिव्हाळ्याला, निरनिराळ्या कौशल्यांना, संग्रहालय भरण्याला, सगळ्या जातींचे मासे पकडण्याला आणि पडझड झालेले समाजभवन उभे करण्याला आहेत. नुसत्या कमाईच्या जोरावर दोनच मेणबत्त्या पेटतात, मग ती कमाई १० लाखांची असो की १० कोटींची.