सर्टिफिकेट भिंतीवर, मुलगी घरात

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. शाळा आमची दहावीपर्यंतचीच. पण मुले पुढे कुठल्याही कॉलेजात गेली तरी आईवडील सल्ल्याला जुन्या सरांकडेच येतात. "सर, डॉक्टर बनना तो मुश्किल है, मेडिकल का कुछ बताओ," हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. 'मेडिकल का कुछ' म्हणजे बहुतेक वेळा फार्मसी, आणि फार्मसी म्हणजे नाक्यावरचे औषधांचे दुकान. आपल्या लोकांच्या मनातली या विद्येची ओळख एवढ्यावरच थांबते.

म्हणून आम्ही आधी रस्ते समजावून सांगतो. पहिला रस्ता डी.फार्मचा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी किंवा मॅथ्स हवे. आपल्या राज्यात त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. २०२२च्या नियमांनी डिप्लोमावाल्यांसाठी नोंदणीआधी आणखी एक परीक्षा घातली आहे. दुसरा रस्ता बी.फार्मचा, चार वर्षांचा, सीईटी देऊन. ज्याला सुरुवातीला तो झेपत नाही, त्याने डी.फार्म करून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षात जावे, ही सोय आहे. त्यापुढे एम.फार्म. आणि २००८पासून सहा वर्षांचा फार्म.डी.ही आहे, त्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. दुकानाखेरीज कारखाना, प्रयोगशाळा, इस्पितळ आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रातली 'औषध निर्माण अधिकारी' ही जागा, इतक्या वाटा इथून फुटतात.

कॉलेजांचीही आज वाण नाही. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये, नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामच्या संकुलात, नंदुरबार जिल्ह्यात थेट अक्कलकुव्याला आपल्याच संस्थांनी फार्मसीची कॉलेजे काढली आहेत. मुंबईत १९३५ साली 'सिप्ला' उभी करणारे ख्वाजा अब्दुल हमीद आपल्या मुलांना ठाऊक नसतात. आम्ही मुद्दाम त्यांचे नाव घेतो.

खरी अडचण रस्त्यांची नाही, उंबरठ्याची आहे. आमच्या वर्गात दहावीपर्यंत ॲसिड म्हणजे 'तेजाब', सोल्युशन म्हणजे 'महलूल', कंपाउंड म्हणजे 'मुरक्कब'. अकरावीच्या पहिल्याच दिवशी हे सारे शब्द एकदम निरुपयोगी होतात. ज्या मुलीला 'महलूल' कसे तयार होते हे उत्तम समजलेले असते, ती 'सोल्युशन' ऐकून गप्प बसते आणि लेक्चररला वाटते, हिला काहीच येत नाही. सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीचे पेपर उर्दूतूनही मिळतात. पण परीक्षा उर्दूत झाली तरी पुढचे कॉलेज इंग्रजीतच असते.

दहावीची परीक्षा संपली की निकालापर्यंतच्या सुटीत आम्ही मुलांकडून एक वही करून घेतो. तिच्यात तीन रकाने असतात : तेजाब, आम्ल, ॲसिड; महलूल, द्रावण, सोल्युशन; उन्सुर, मूलद्रव्य, एलिमेंट. मराठीचा रकाना कशाला, असे मुले विचारतात. सरकारी नोकरीच्या परीक्षेत मराठीचे प्रश्न असतात, आणि औषध न्यायला येणारी खेड्यातली मावशी मराठीतच विचारणार आहे, हे त्याचे उत्तर. अल्कली आणि अल्कोहोल हे शब्द अरबीतूनच युरोपात गेले असे सांगितले की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरते.

हा उंबरठाही मुली ओलांडतात. आता पैशाचेही थोडे हलके झाले आहे. २०२४पासून ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे. आपल्यातल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण वेळेवर दाखला काढून ठेवलेला नसतो.

सगळ्यात दुखते ते यानंतरचे. आमची एक विद्यार्थिनी डी.फार्म झाली, तिची नोंदणी झाली. वर्षभराने तिचे वालिद भेटले तेव्हा आम्ही विचारले, कुठे काम करते? ते खुशीत म्हणाले, "सर, सर्टिफिकेट एक दुकान में लगा दिया है. घर बैठे पैसे आ रहे हैं. लड़की को दुकान पे क्यों बिठाना?" सर्टिफिकेट परगावच्या दुकानात भिंतीवर आणि मुलगी घरात! औषध कोण देतो? बारावीसुद्धा न झालेला पोरगा, डब्यावरचा रंग पाहून.

हे बेकायदा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे १९४८चा फार्मसी कायदा सांगतो. नाव जिचे लावले, जबाबदारीही तिचीच. त्या दुकानातून चुकीची गोळी गेली तर विचारणा या मुलीकडे होईल, जिने ते दुकान पाहिलेलेही नाही. कायदा बाजूला ठेवला तरी आम्हाला हा अमानतीचा प्रश्न वाटतो. चार रुपये आले म्हणून ती कमाई हलाल होते का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आमची दुसरी एक विद्यार्थिनी मोहल्ल्याजवळच्या दुकानात खरोखर उभी राहते. घरच्यांची समजूत घालायला सहा महिने लागले. बाया तिला 'बाजी' म्हणतात. लहान मुलाच्या ॲन्टिबायोटिकच्या बाटलीतली कोरडी पावडर ती दाखवते आणि सांगते, पाणी उकळून थंड केलेले, एकदाच, खुणेपर्यंत घालायचे, दर वेळी हलवायचे. ताप उतरला तरी डॉक्टरने सांगितलेले दिवस पुरे करायचे. रमजान जवळ आला की साखरेचे पेशंट विचारतात, तीन वेळची गोळी सहरी आणि इफ्तारला कशी बसवायची? ती स्वतःच्या मनाने बदलून देत नाही. "रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरला विचारा, हा कागद दाखवा," असे म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी लिहून देते. जी गोष्ट बाया पुरुष दुकानदाराला मरेपर्यंत विचारणार नाहीत, ती तिला हळूच विचारतात. जी उर्दू अकरावीत आडवी आली होती, तीच तिथे कामाला येते.

म्हणून पालकांना आमचे एकच सांगणे आहे. डी.फार्म करा, बी.फार्म करा, झेपेल तो रस्ता धरा. पण पहिल्या वर्षाची फी भरण्याआधी घरात बसून ठरवा, की शिकून झाल्यावर ही मुलगी कामावर जाणार. ते ठरत नसेल तर चार-चार वर्षे तिला औषधांची नावे पाठ करायला लावू नका. मोहल्ल्याला भिंतीवरच्या कागदाचा काही उपयोग नाही. काउंटरमागे उभी राहून 'ही गोळी जेवणानंतर' एवढे समजावून सांगणारी मुलगी त्याला हवी आहे.